खाचर लहान आहे, म्हणूनच खत मोजून घाला

भाताच्या खताचा विषय निघाला की कोकणात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. शेतकरी तो करतात, गावची शेती मुंबईत बसून चालवणारे करतात, आणि ज्यांनी शेतकऱ्याला वेगळं काही सांगायला हवं असे शिकलेले लोकही करतात. त्यांचं म्हणणं असं: खतांचं नियोजन पंजाब-आंध्रातल्या सलग, पाण्याखालच्या शेतीला शोभतं. आमची शेती पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यांत. वर तीन हजार मिलिमीटर पाऊस. भात विकायला नाही, घरी खायला. त्यासाठी माती तपासा, पानाचा रंग बघा, चिखलात गोळ्या पुरा, हा उपद्व्याप कशाला? युरिया स्वस्त आहे. दोन मुठी जास्त पडल्या तर काय बिघडलं?

हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो आणि म्हणूनच तो पसरतो. पण त्यातलं एकेक विधान तपासलं तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो. भातशेतीत उत्पन्न आणि नफा वाढवायचे मार्ग मोजकेच आहेत: जास्त जमीन, खात्रीचं पाणी, यंत्र, चांगलं बियाणं, आणि खताचा योग्य वापर. दहा गुंठेवाल्याला यांतले पहिले तीन जवळजवळ बंद आहेत. जमीन वाढत नाही, रब्बीला पाणी नसतं, यंत्र बांधावरून खाचरात उतरत नाही. उरलं बियाणं आणि खत. मग त्याच्या हातात असलेलं हे साधन मोठ्या शेतकऱ्यासाठी राखून ठेवा, असं म्हणणं म्हणजे त्याच्यासाठी उरलेली वाटही बंद करणं. हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते मुद्द्यांनी सांगतो.

पहिला मुद्दा आकाराचाच घेऊ. शेत लहान असलं की मोजमापाची गरज कमी होते, ही समजूत मुळातच चुकीची आहे. कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस वर्षानुवर्षं चालत आली आहे. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा साधारण दहावा हिस्सा. तेव्हा त्याला १० किलो नत्र लागतं. युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं आणि त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २१ किलो. दहा गुंठ्यांत एक पोतं संपवलं तर हेक्टरी दोनशे किलोंच्या वर नत्र पडलं, शिफारशीच्या दुप्पट. ११ किलो डीएपी, म्हणजे नत्र आणि स्फुरदाचं खत, आधीच दिलं असेल तर त्यातून दोन किलो नत्र आलेलं असतं, आणि मग पूर्ण हंगामासाठी युरिया लागतो फक्त साडेसतरा किलो. अर्धं पोतंही नाही.

पण शेतकरी विकत घेतो ते पोतं. उरलेल्या युरियाला पावसाळी हवेत पाणी सुटतं, त्याचे गोळे होतात, आणि वाया जाण्यापेक्षा पडू दे शेतात, असा विचार कुणीही करील. एवढ्या साध्या कारणानं लहान शेतकरी दुप्पट खत टाकून बसतो. पाच एकरांत एखादं पोतं जास्त पडलं तर ते पसरून जातं. दहा गुंठ्यांत अर्धं पोतं जास्त पडलं तर पिकाची तब्येत बिघडते. शेत जितकं लहान, तितकी मापातली चूक मोठी. लहान शेताला हिशेब नको म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा.

'युरिया स्वस्त आहे' या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते आधी मान्य केलं पाहिजे. ४५ किलोच्या पोत्याला शेतकरी २६६ रुपये ५० पैसे मोजतो, म्हणजे किलोला सहा रुपयांच्या आत. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. एक किलो भाताच्या पैशांत चार किलो युरिया येतो. एवढ्या भावात नत्राची भूक असलेल्या पिकाला युरिया देणं फायद्याचंच आहे. माझा आक्षेप युरियावर नाही. भूक भागल्यानंतर तो टाकत राहण्यावर आहे.

कारण हाच भाव दुसऱ्या बाजूनेही बोलतो. पाच किलो युरिया वाचवला तर तीस रुपये वाचतात. त्यासाठी कुणी डोकं चालवणार नाही, हे मलाही कळतं. पण त्या पाच किलोंनी भात माजला, पानं गडद हिरवी आणि लुसलुशीत झाली, दाट वाढीत हवा खेळेना, तर करपा, कडा करपा आणि तुडतुडे यांना आमंत्रण मिळतं. ताटं मऊ राहतात आणि परतीच्या पावसात पीक लोळतं. लोळलेलं भात चिखलात उगवतं, कापायला दुप्पट वेळ घेतं आणि गिरणीत कणी जास्त पडते. दहा गुंठ्यांत अशा रीतीनं नुसतं तीस किलो भात गेलं तरी हमीभावानं सातशे रुपये गेले. फवारणीचं औषध आणि मजुरी वेगळीच. म्हणजे जादा खताची किंमत दुकानदाराच्या बिलात दिसतच नाही. ती कापणीला, भाताच्या रूपानं चुकवावी लागते, आणि तेव्हा तिचा संबंध जुलैतल्या युरियाशी कुणी लावत नाही.

आणि टाकलेलं सगळं पिकाला मिळतं असं तरी कुठे आहे? पाणी भरलेल्या खाचरात वरून फेकलेल्या युरियातलं साधारण ३० ते ४० टक्के नत्रच भाताच्या उपयोगी पडतं, हे जगभरच्या भात संशोधनात पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. युरिया पाण्यात पडला की काही दिवसांत त्याचं अमोनियात रूपांतर होतं. ऊन असेल तर पाण्यातलं शेवाळ कर्बवायू शोषून घेतं, दुपारी पाण्याचा सामू चढतो आणि अमोनिया हवेत उडून जातो. खाचरातल्या मातीचा वरचा काही मिलिमीटरचा थर हवा खाणारा असतो, त्याखालचा हवेविना कोंडलेला. वरच्या थरात अमोनियमचं नायट्रेट बनतं, ते खाली झिरपतं, आणि कोंडलेल्या थरातले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. शिवाय कोकणात एक तिसरी वाट आहे आणि ती सगळ्यात रुंद आहे: वाहून जाणं. आमची खाचरं पायऱ्यांची. वरच्या खाचराचं पाणी बांध ओलांडून खालच्यात, तिथून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून खाडीत. सकाळी युरिया फेकला आणि दुपारी दोन तास पाऊस कोसळला, तर घातलेलं खत शेजाऱ्याच्या शेतात किंवा खाडीत गेलं असं समजावं. पावसाचं प्रमाण हे नियोजन न करण्याचं कारण म्हणून सांगितलं जातं. इतक्या पावसात खत कधी आणि कुठे घालावं याचा विचार न करणं, हीच तर नुकसानीची खरी जागा आहे.

तिसरा मुद्दा सवयीचा: भात पिवळं दिसलं की युरिया. या एका सवयीनं भातशेतीचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं क्वचितच दुसऱ्या कशानं केलं असेल. पिवळेपणाची कारणं अनेक. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं फिकी होतात. गंधक कमी असेल तर कोवळी पानं पिवळी पडतात. जस्त कमी असेल तर लावणीनंतर काही आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस तपकिरी ठिपके येतात आणि वाढ खुंटते. पाण्याचा निचरा नसलेल्या, लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या जमिनीत पानं काशासारखी तांबूस होतात. खोडकिडा लागला तर मधला पोंगाच सुकतो. या पाचांतल्या चार वेळी युरिया निरुपयोगी असतो आणि काही वेळा घातक.

उत्तर भारतातल्या तराईत भाताला 'खैरा' नावाचा रोग पडत असे. तो रोगजंतूंचा नसून जस्ताच्या कमतरतेचा आहे, हे डॉ. य. ल. नेने यांनी पंतनगरला १९६६ मध्ये दाखवून दिलं. उपाय निघाला तो झिंक सल्फेटचा. हेक्टरी वीस-पंचवीस किलो. ज्या शेतात जस्त नाही तिथे नत्राचं पोतंच्या पोतं रिकामं केलं तरी पीक उठत नाही, कारण जे सगळ्यात कमी आहे तेच पिकाची मर्यादा ठरवतं. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात जस्ताची कमतरता हा आजचाही प्रश्न आहे. तिथल्या शेतकऱ्याला केवळ युरियाचा सल्ला देणारा माणूस त्याच्या खिशातून पैसे काढून घेत असतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

पालाशचंही तेच. भात जमिनीतून जेवढं पालाश उचलतं त्यातलं बहुतेक दाण्यात जात नाही, पेंढ्यात राहतं. आपण दाणा घरात नेतो आणि पेंढाही. पेंढा गुरांना जातो, विकला जातो; शेण शेतात परत येईलच असं नाही. वर्षानुवर्षं पालाश बाहेर जातं आणि आत येतं ते फक्त नत्र. ताट मऊ होण्यामागे आणि रोगाला बळी पडण्यामागे ही एकतर्फी भर आहे. स्फुरदाची गोष्ट आणखी वेगळी. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. वरून फेकलेलं स्फुरद मातीत असूनही मुळांना मिळत नाही. ते लावणीच्या वेळीच आणि मुळांच्या जवळच घालावं लागतं.

आता सगळ्यात जोरदार आक्षेपाकडे येतो: मजूर नाहीत. हा आक्षेप खरा आहे. लावणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि वाकून करायचं बहुतेक काम बायकांच्या वाट्याला येतं. या परिस्थितीकडे डोळेझाक करणारं कुठलंही शास्त्र शेतकऱ्यानं नाकारावं, असंच मी म्हणेन. पण या परिस्थितीकडे पाहूनच एक पद्धत तयार झाली, आणि ती परदेशी मोठ्या शेतीसाठी नव्हे, सह्याद्रीच्या पावसाळी भातशेतीसाठी. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड.

तिची सूत्रं अशी. पहिलं, भाताचे अवशेष भाताला परत द्यायचे: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची आणि पेंढ्याचा काही भाग नांगरणीच्या वेळी शेतात गाडायचा. यातून सिलिका आणि पालाश मिळतं, रोपं कणखर होतात. दुसरं, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला चिखलणीपूर्वी शेतात पसरायचा. हेक्टरी तीन टनांच्या आसपास पाला मिळाला तर दहा-पंधरा किलो नत्र आणि सेंद्रिय द्रव्य मिळतं. तिसरं, दोरीवर खुणा करून २५ आणि १५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर नियंत्रित लावणी, एका चुडात दोन-तीन रोपं. चौथं, लावणीच्याच दिवशी प्रत्येक चार चुडांच्या लहान चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची.

गणित मांडून पाहा. एका गोळीच्या वाट्याला ४० बाय ४० सेंटिमीटर जागा येते. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजनानं १७० किलोंच्या जवळपास. त्यातून साधारण ५७ किलो नत्र आणि २९ किलो स्फुरद. वरून फेकायच्या खताच्या शिफारशीपेक्षा जवळजवळ निम्मं. तरी पीक उपाशी राहत नाही, कारण गोळी कोंडलेल्या थरात बसते. तिथलं नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतं, हळूहळू सुटतं, मुळं तिथे पोहोचतात, आणि बांध ओलांडणाऱ्या पाण्याच्या हाती काही लागत नाही. डीएपीतलं स्फुरदही मुळांपाशीच राहतं. गुंठ्याला गोळ्या लागतात सव्वासहाशे, वजन १.७ किलो. एवढं ओझं पोर डोक्यावरून नेईल.

गोळ्या खोचायला वेळ लागतो, हे खरं. पण हा वेळ एकदाच द्यायचा. वरून खत द्यायची रीतसर पद्धत नत्राचे तीन हप्ते सांगते: लावणी, फुटवे आणि पोटरी. कोकणातल्या कितीतरी घरांत लावणीला आलेली माणसं महिनाभरात मुंबईला परत गेलेली असतात. फुटव्यांचा हप्ता चुकतो किंवा मुसळधार पावसात पडतो, पोटरीचा तर बहुतेक पडतच नाही. लावणीच्या दिवशी, माणसं शेतात असतानाच हंगामाच्या खताचं काम संपवणारी पद्धत अशा घरांना जड नाही, उलट सोयीची आहे. शिवाय खुणांच्या दोरीवर ओळीत लावलेल्या भाताची बेणणी सोपी होते, हा फायदा मजुरीच्याच खात्यात धरायला हवा.

लहान शेतकऱ्यांच्या हातून हे होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी बांगलादेशाकडे पाहावं. तिथला भातशेतकरी आपल्या कोकणी शेतकऱ्यापेक्षा काही मोठा नाही. तिथे युरियाची ही गोळी 'गुटी युरिया' म्हणून लाखो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली, गावपातळीवरच्या लहान यंत्रांवर ती तयार होऊ लागली, आणि युरिया सुमारे एक तृतीयांश कमी लागून उत्पन्न वाढल्याचा अनुभव आला. आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ब्रिकेटवर, म्हणजे अशाच गोळीवर, दीर्घकाळ काम केलं. कोकण अन्नपूर्णा ब्रिकेट नावाचं नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही असलेलं मिश्रणही पुढे आणलं. ज्ञान नाही म्हणून अडलेलं नाही. वेळेवर, गावात, लहान पिशवीत गोळी मिळत नाही म्हणून अडलेलं आहे.

या पद्धतीच्या मर्यादा लपवायचं मला कारण नाही. डोंगराच्या अंगाला असलेल्या हलक्या, वाळूसर खाचरांत पाणी ठरत नाही. तिथे खोल घातलेलं नत्रही झिरपून खाली जातं आणि हप्त्यानं देणंच बरं पडतं. नुसत्या युरिया-डीएपीच्या गोळीत पालाश नसतं, ते वेगळं द्यावं लागतं. उंच वाढणाऱ्या पारंपरिक वाणांना सुधारित वाणांची मात्रा सोसत नाही, ते लोळतात. पण या प्रत्येक मर्यादेचा अर्थ एकच: आपलं खाचर कसं आहे ते ओळखा आणि त्याप्रमाणे ठरवा. हे नियोजनाच्या विरुद्धचं कारण होत नाही. नियोजन म्हणतात ते यालाच.

मृदा आरोग्य पत्रिका निरुपयोगी ठरली, हा आक्षेपही ऐकू येतो, आणि कोकणापुरता तो बराचसा योग्य आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली. मातीच्या बारा गुणांची तपासणी होते, ही चांगली गोष्ट. पण नमुना घ्यायचा तो बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक. कोकणातल्या दहा हेक्टरांत डोंगरउताराचं वरकस येतं, मधली खाचरं येतात, खालची मळेजमीन येते आणि कितीतरी मालक येतात. त्या सगळ्यांना एकाच नमुन्याचं उत्तर देणं म्हणजे कुणालाच उत्तर न देणं. सरकारनं पायरीगणिक नमुना घेण्याचा नियम कोकणासाठी वेगळा करावा, ही मागणी रास्त आहे.

मात्र पत्रिका अपुरी आहे म्हणून मोजणीच सोडून द्यायची, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो. एप्रिल-मेमध्ये खाचर कोरडं असताना चार-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे करून त्यांच्या बाजूची माती तासायची, मिसळून अर्धा किलो उरवायची आणि प्रयोगशाळेत द्यायची. आणि प्रयोगशाळेइतकाच विश्वासार्ह दुसरा उपाय खाचरातच आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं नव्वदच्या दशकापासून शेतागणिक खत ठरवण्याचं जे तंत्र आखलं, त्याचा पाया 'एक वगळून पाहा' हा आहे. एका पातळीवरच्या चार लहान तुकड्यांपैकी एकात सगळी खतं, एकात नत्र वगळून बाकीची, एकात स्फुरद वगळून, एकात पालाश वगळून. कापणीला प्रत्येकातून दोन बाय अडीच मीटरचा तुकडा वेगळा कापायचा, झोडून, वाळवून तोलायचा. वीसनं गुणलं की गुंठ्याचं उत्पन्न. ज्या तुकड्यात घट आली नाही तो घटक आपल्या जमिनीत पुरेसा आहे. ज्यात आली तिथे पैसा घाला.

सलग वीस एकर असलेल्या शेतकऱ्याला या चाचणीसाठी मुद्दाम बांध घालावे लागतात. आपले बांध आजोबांनी घालून ठेवले आहेत. तुकड्यांची शेती हे ज्याला अडचण वाटतं, त्याला मी सांगेन की माती ओळखण्यासाठी इतकी सोयीची मांडणी दुसरी नाही.

उभ्या पिकासाठी पर्णरंग तक्ता आहे. प्लास्टिकची एक पट्टी, तिच्यावर फिक्या ते गडद हिरव्या रंगाचे पट्टे. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करून आठ-दहा दिवसांच्या अंतरानं, दहा चुडांच्या सगळ्यात वरच्या पूर्ण उघडलेल्या पानाचा मधला भाग आपल्या अंगाच्या सावलीत धरून पट्टीशी जुळवायचा. निम्म्याहून अधिक पानं वाणासाठी ठरवलेल्या पट्ट्यापेक्षा फिकी असतील तर युरिया द्यायचा, नसतील तर परत यायचं. दहा गुंठ्यांना पंधरा मिनिटं लागतात. ज्यांना हा उपद्व्याप वाटतो त्यांनी पिवळ्या भाताकडे नुसतं पाहून युरियाचं पोतं खांद्यावर घ्यायला किती वेळ लागतो आणि तो चुकला तर काय किंमत पडते, हे शेजारी मांडावं.

उरला तो एक आवाज, जो पूर्णपणे वेगळ्या दिशेनं येतो पण हिशेब टाळायलाच सांगतो: रासायनिक खतं मुळातच बंद करा, देशी गाय आणि शेणखत पुरेसं आहे. मातीच्या सेंद्रिय कर्बाची या मंडळींना असलेली काळजी मला पूर्ण मान्य आहे. चारसूत्रीतली पहिली दोन सूत्रं त्या काळजीतूनच आली आहेत. पण एक टन भात जमिनीतून साधारण १५ ते २० किलो नत्र उचलतं. शेणखतात नत्र असतं अर्धा टक्क्याच्या आसपास, आणि त्यातलंही पहिल्या हंगामात पिकाला मिळतं ते थोडंच. हेक्टरी चार टन भात काढायचं तर किती गाड्या शेण लागेल आणि गावात किती गोठे उरले आहेत, हा हिशेब भावनेनं सुटत नाही.

देशाच्या पातळीवर हा प्रयोग झालेला आहे. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका झटक्यात बंदी आणली. भाताच्या बाबतीत स्वयंपूर्ण झालेला तो देश परदेशातून तांदूळ आणू लागला. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली, शेतकऱ्यांना भरपाई जाहीर करावी लागली. २०२२ चं भात उत्पादन आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४२ टक्के कमी, म्हणजे तीस लाख टनांच्या आसपास राहील, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्नसंस्थांनी मांडला. त्या घटीत इंधनटंचाईचाही वाटा होता. तरी मुख्य धक्का खताचा होता हे कुणी नाकारत नाही. तिथेही सगळ्यात जास्त भाजला गेला तो लहान शेतकरीच. एका बाजूला 'दोन मुठी जास्त टाक' आणि दुसऱ्या बाजूला 'एकही टाकू नकोस'. दोन्ही सल्ल्यांत मातीला आणि पिकाला काय हवं, हे विचारायचं राहून जातं. गिरिपुष्पाचा पाला आणि खोल पुरलेली गोळी एकाच खाचरात सुखानं नांदतात. त्यांच्यात भांडण लावणाऱ्यांनी शेतकऱ्याचं हित पाहिलेलं नाही.

हे सगळं शेतकऱ्याच्या अज्ञानावर ढकलणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवं. युरियाकडे कल वाढला तो धोरणानं वाढवला. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, पण युरिया त्यातून वगळला गेला. स्फुरद आणि पालाशची खतं महाग झाली, युरिया जागच्या जागी राहिला. देशात वापरल्या जाणाऱ्या नत्र, स्फुरद, पालाशचं प्रमाण २००९-१० मध्ये ४.३ : २ : १ होतं, ते २०१२-१३ मध्ये ८.२ : ३.२ : १ झालं. तीन वर्षांत शेतकरी अडाणी झाला नाही. दुकानातल्या किमतींनी त्याला जे सांगितलं ते त्यानं ऐकलं. पालाशचं पोतं युरियाच्या पाच-सहापट किमतीला मिळत असेल तर संतुलित खताचं व्याख्यान कुणाच्या कानात शिरणार?

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. युरियाच्या अनुदानातला काही भाग पालाश, झिंक सल्फेट आणि ब्रिकेटकडे वळवावा. गावातल्या सोसायटीत मेअखेर पाच-दहा किलोंच्या पिशव्यांत गोळी मिळावी. लावणी झाल्यावर आलेली गोळी काही कामाची नाही. एका गटाला एक ब्रिकेट यंत्र द्यावं आणि ते चालवायला बचतगटांना शिकवावं. माती नमुन्याचा दहा हेक्टरांचा नियम कोकणासाठी रद्द करावा. आणि प्रत्येक गावात एका शेतकऱ्याच्या खाचरात 'एक वगळून पाहा' ही चाचणी कृषी सहायकानं लावून कापणीला गावासमोर तोलून दाखवावी. यातली एकही गोष्ट खर्चिक नाही.

शेतकऱ्याकडूनही एक अपेक्षा आहे. पोतं हे माप सोडावं, गुंठा हे माप धरावं. पुढच्या हंगामात सगळी शेती बदलू नये. दोन खाचरांत चारसूत्री करावी, दोन नेहमीसारखी ठेवावीत, आणि चारही खाचरांचं भात वेगळं तोलावं. माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, काट्यावर ठेवावा.

मोठ्या शेतकऱ्याची चूक त्याच्या दुसऱ्या शेतात, दुसऱ्या पिकात, दुसऱ्या हंगामात भरून निघते. दहा गुंठेवाल्याकडे दुसरं शेत नसतं आणि कोकणात बहुतेकांकडे दुसरा हंगामही नसतो. चुकायला जागा ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्यालाच अंदाजावर सोडून देण्याला व्यवहार म्हणत नाहीत. खताचं शास्त्र कुणापाशी आधी पोहोचायला हवं असेल, तर ते त्याच्यापाशी.